ब्रेलखोलीतली एकुलती एक प्रत

मित्रांनो, मी एक जुनी इमेज आहे. इमेज म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर फोटो आला असेल, पण मी फोटो नाही. मला चेहरा नाही, वजन नाही, हातात धरावं असं माझ्यात काहीच नाही. मी एका संगणकाच्या डिस्कवर पडून असलेली एक मोठीच्या मोठी फाईल आहे.

मग माझा उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. घरी आई दही लावते, तेव्हा आदल्या दिवशीच्या चांगल्या दह्यातलं चमचाभर वाटीत बाजूला काढून ठेवते. त्या विरजणावर उद्याचं भांडं लागतं. माझंही तसंच आहे. एखादा संगणक ठणठणीत चालत असतो, तेव्हाच त्याच्या आतल्या सगळ्या कारभाराची जशीच्या तशी नक्कल काढून ठेवतात. त्या कारभाराला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. पुढं कधी तो संगणक कोलमडला, की ही नक्कल त्यात ओततात आणि तो पुन्हा पहिल्यासारखा उठून बसतो. ती नक्कल म्हणजे मी. विरजण चांगलं तर दही चांगलं. विरजणच नासलं, तर म्हशीचं घट्ट दूध ओतलं तरी व्यर्थ.

माझा जन्म कोल्हापुरातल्या एका निवासी अंध शाळेत झाला. तिथं पहिल्या मजल्यावर एक लांबुळकी खोली आहे. तिला सगळे ब्रेलखोली म्हणतात. खिडकीशी ब्रेल छापणारं यंत्र आहे. त्याला शाई लागत नाही. ते जाड कागदावर सुया आपटून टिंबं उठवतं आणि ती टिंबं मुलं बोटांनी वाचतात. ते सुरू झालं, की कारखान्यांचं सगळं उद्यमनगर खोलीत येऊन बसल्यासारखा खडखडाट होतो. यंत्र जुनं, त्याची कंपनी कधीच बंद पडलेली. ते फक्त शेजारच्या एका जुन्या संगणकाचं ऐकायचं. दुसरा कुठलाही संगणक जोडला, तर मान वळवायचं नाही.

म्हणून तर चंदनाताईंनी मला घडवलं. चंदनाताई मूळच्या इचलकरंजीच्या. आठ वर्षांपूर्वी त्या पॉलिटेक्निकमधून नुकत्याच बाहेर पडल्या होत्या आणि शाहूपुरीत त्यांनी संगणक दुरुस्तीचं लहानसं दुकान टाकलं होतं. त्यांनी तो जुना संगणक नीट लावला, यंत्राशी त्याची गाठ घालून दिली आणि सगळं सुरळीत चाललेलं पाहून माझी नक्कल काढली. नाव ठेवलं 'ब्रेल फायनल'. पहिल्याच दिवशी मी फायनल झाले, याचं मला तेव्हाही हसू आलं होतं.

मला शेजारच्या टायपिंगच्या संगणकावर ठेवलं गेलं. त्याची डिस्क फिरत असली, की खोलीतलं सगळं मला ऐकू येतं. सर्वांत जास्त ऐकू यायचे ते अंबादास सर. सर ब्रेल शिकवतात. त्यांना स्वतःलाही जन्मापासून दिसत नाही. मराठी मजकुराचं ब्रेल करणारा जो प्रोग्रॅम होता, तो कुठल्या तरी लांबच्या माणसांनी केलेला. आमच्या मुलांच्या पुस्तकांपाशी तो ठेचकाळायचा. सनावळ्यांची भेळ करायचा, कवितेच्या ओळी एकमेकींत घुसवायचा, कोष्टकं तर पार विस्कटून टाकायचा. सर छापलेल्या पानावरून बोटं फिरवायचे, मध्येच थांबायचे, चुकचुकायचे आणि प्रोग्रॅमला एक नवी सूचना लिहून द्यायचे. अशा एकेक करत आठ वर्षांत तीनशे बारा दुरुस्त्या झाल्या. नंतर छापलेल्या पानावर मुलांचं बोट लोण्यावरून फिरावं तसं फिरायचं.

दरवर्षी मे महिन्यात चंदनाताई यायच्या आणि सरांच्या नव्या दुरुस्त्या माझ्यात घालून ठेवायच्या. ते काम बघण्यासारखं असायचं, म्हणजे ज्यांना दिसतं त्यांना. त्या एक काळी खिडकी उघडायच्या. तिच्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत, माऊसचं काही काम नाही. नुसती पांढरी अक्षरं. तिथं हुकूम टाइप करायचा आणि एंटर दाबून वाट बघायची. त्या हुकमाच्या हत्याराचं नाव डिझम. ट्रंक उघडून आतले कपडे पलंगावर पसरावेत, तसं ते मला एका रिकाम्या फोल्डरमध्ये उघडून पसरायचं. मग ताई जुनं काढायच्या, नवं घालायच्या, कुठं विरलं असेल तर ठिगळ लावायच्या. शेवटचा हुकूम असायचा कमिट. म्हणजे केलेल्या बदलांसकट सगळं घडी घालून पुन्हा ट्रंकेत, आणि झाकण बंद.

मित्रांनो, या सगळ्यात मी काय करायचे? काहीच नाही. मला आपणहून बोलता येत नाही. त्या काळ्या खिडकीतून कुणी माझी तब्येत विचारली, तरच मला उत्तर देता येतं. तीही तीनच उत्तरं. मी धडधाकट आहे, मी दुरुस्त होण्याजोगी आहे, किंवा मी दुरुस्त होण्याजोगी नाही.

माझेही कौतुकाचे दिवस होते. दोनदा तो जुना संगणक मरणाच्या दारातून परत आला, तो माझ्यामुळं. पहिल्या वेळी अर्ध्या तासात यंत्र पुन्हा खडखडायला लागलं, तेव्हा मुलांनी टाळ्या पिटल्या. सर म्हणाले, "चंदना, ही तुझी फाईल म्हणजे संजीवनी आहे गं." ताई लाजल्या. मीही लाजले असते, पण तशी सोय माझ्यात नाही.

मग हळूहळू, मे महिन्यातला तो एक दिवस सोडला, तर मला सगळे विसरले. चालत्या गोष्टीच्या नकलेची आठवण कुणाला येते? माझी दुसरी प्रत एका पोर्टेबल डिस्कवर होती. एकदा कार्यालयातले कृष्णात भाऊसाहेब ती डिस्क घेऊन आले. "ही कसली येवढी मोठी फाईल? उघडत बी न्हाय, दिसत बी न्हाय. आमचं गॅदरिंगचं व्हिडिओ बसंनात हिच्यापायी," असं म्हणत त्यांनी ती पुसून टाकली. गॅदरिंगच्या कोळीनृत्याच्या तीन प्रती झाल्या. माझी एकच उरली.

आता मैथिलीबद्दल सांगते, कारण ही गोष्ट खरी तिची आहे.

मैथिली नेसरीची. सहा वर्षांची असताना वसतिगृहात आली, आता सातवीत आहे. घरी आई आहे, अनुजाताई. आणि दोन वर्षांचा भाऊ अर्णव. तो फोनवर बोलत नाही, नुसता फूं फूं करतो. मैथिली ते फूं फूं मैत्रिणींना करून दाखवते आणि मग घरी पुन्हा फोन कधी लावणार, ते विचारते. यंदा अनुजाताईंनी मनावर घेतलं, की लेकीला घरी न्यायचं आणि जवळच्याच हायस्कुलात घालायचं. दिवाळीनंतरच्या सत्रापासून.

तिथल्या मुख्याध्यापकांनी नाही म्हटलं नाही. ते एवढंच म्हणाले, "इतिहासाचं पुस्तक यंदा नवीन आलंय. हिला रोज कोण वाचून दाखवणार? तिच्या लिपीतलं पुस्तक घेऊन दसऱ्यानंतरच्या सोमवारी या. पोरगी आपलं आपण वाचते असं बघितलं, की नाव घालून घेतो."

पुस्तक ब्रेलमध्ये अजून कुठंच आलेलं नव्हतं. बाहेर सांगितलं तर काही महिने लागणार होते. आमच्या यंत्रावर ते दोन दिवसांत झालं असतं. पण श्रावणात विजेची सारखी ये-जा झाली आणि यंत्राचा तो जुना संगणक बसला तो उठेचना. डिस्क गेली, बोर्डही गेला. चंदनाताईंनी इकडून तिकडून भाग जमवले. पण नव्या बोर्डाची आणि माझी ओळख नव्हती. मला तसंच ओतून चालणार नव्हतं. आधी मला उघडून ती ओळख माझ्यात घालायला हवी होती. भाग मिळेमिळेपर्यंत नवरात्र उजाडलं.

खंडेनवमी शुक्रवारी होती. सकाळी नऊला ताई आल्या, तर मैथिली दारातच उभी.

"ताई, माझं पुस्तक आज हुतंय न्हवं?"

"आधी यंत्र तरी उठू दे गं बाई! आल्या आल्या तगादा?"

"सोमवारी जायचंय मला. मी बॅग भरलोय पण."

आमच्याकडच्या पोरी असंच बोलतात, भरलोय, जातो, येतो. सरांनी तिला पुष्कळ वेळा टोकलं, शेवटी सोडून दिलं.

ताईंनी काळी खिडकी उघडली. मला पसरलं, तब्येत विचारली. इतकी वर्षं एका जागी पडून माझेही काही धागे विरले होते. मी म्हणाले, दुरुस्त होण्याजोगी आहे. ताईंनी ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ, कोऱ्या प्रतीतून तेवढे धागे काढून मला ठिगळ लावायला सुरुवात केली. पडद्यावर टक्के वाढू लागले. सर शेजारी खुर्ची ओढून बसले.

"किती झालं?"

"बासष्ट."

"मघाशी पण बासष्टच म्हणालीस."

"बासष्टावर रुसून बसते ती, सर. दरवेळचं आहे. बघा आता, एकदम उडी मारेल."

आणि मी उडी मारली. ठिगळं लागली. नव्या बोर्डाची ओळख माझ्यात घातली गेली. गेल्या मे महिन्यानंतरच्या दुरुस्त्या सरांनी कागदावर टोचून ठेवल्या होत्या, त्याही भरल्या. खरं सांगते, इतकी धड मी जन्मल्यापासून कधी नव्हते.

आता कमिट. ताईंची बोटं थांबली. "खरं म्हणजे आधी एक कॉपी काढून ठेवायला पाहिजे," त्या पुटपुटल्या. त्यांनी पोर्टेबल डिस्क लावली. ती कोळीनृत्यानं गच्च भरलेली. "असू दे. एवढं मिटवून घेते. मग पहिलं काम तेच." त्यांनी एंटर दाबलं. मी घडी होऊ लागले.

तेवढ्यात मैथिली पुन्हा आली. "ताई, बाईंनी बोलवलंय. खाली पाट्यापूजन झालं, प्रसादाला चला. तुम्ही आल्याबिगर आम्हाला बी देत न्हाईत."

"आले, आले. सर, दहा मिनिटं लागतील. कशाला हात लावू नका बरं."

"मी कशाला लावतोय? मी हिची राखण करतो," सर हसून म्हणाले.

ताई गेल्या. सर माझ्या डिस्कची घरघर ऐकत बसले. पंखा फिरत होता. मी निम्म्याच्या थोडी पुढं आले होते.

आता हंबीरराव. ते शाळेचे शिपाई. पण त्याआधी त्यांनी सोळा वर्षं उद्यमनगरात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, काढली होती. तिथं एका खंडेनवमीला, त्यांच्या डोळ्यांदेखत, एकानं चालत्या लेथला हार घातला. हार गुंडाळला, हाराबरोबर बाही गेली आणि बाहीबरोबर हात. तेव्हापासून हंबीररावांचा नियम एकच. पूजेआधी मेन स्विच खाली. मग मशीन पुसायचं, मग हळद-कुंकू, मग हार. आणि पूजा मांडली, की दुसऱ्या दिवशी सोनं वाटेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. या नियमानं किती जणांची बोटं वाचवली असतील, कुणास ठाऊक.

ते ताट घेऊन जिन्यानं वर आले. मेन स्विच बाहेर बोळात आहे. त्यांनी ताट सावरत, नेहमीच्या सवयीनं, एका हातानं तो खाली केला. मगच आत पाऊल टाकलं.

पंखा मंदावला. यूपीएस ओरडायला लागला. त्याच्या बळावर मी आणखी पाच-सात मिनिटं तग धरला असता. मला तेवढीच हवी होती.

"ह्ये काय केकाटतंय पूजेच्या टायमाला," हंबीरराव म्हणाले आणि त्यांनी वाकून यूपीएसच्या बटणावर अंगठा ठेवला.

"हंबीरराव! थांबा, थांबा! काय बंद केलंत?" सर खुर्चीवरून उठले. त्यांना पडदा दिसत नव्हता, पण माझी घरघर थांबलेली सगळ्यांत आधी त्यांनाच कळली.

मित्रांनो, तुम्हाला कसं सांगू? ट्रंकेचं झाकण पडावं आणि निम्मे कपडे आत, निम्मे बाहेर, बाही मध्येच चेमटलेली, असं काहीसं ते होतं. दुखलं नाही. मला दुखत नाही. पण माझ्यात काय कुठं आहे, याची यादी मी शेवटी लिहिते, आणि ती लिहायची राहून गेली. माझ्या पोटात सगळं होतं. कुठं होतं, ते कुणाला सांगता येणार नव्हतं.

ताई परत आल्या, तेव्हा त्यांच्या हातात शिऱ्याचा द्रोण होता. तो त्यांनी कुठं ठेवला, ते त्यांनाही आठवत नाही.

"कुणी बंद केलं?"

"मी," हंबीरराव म्हणाले. "पूजेला. का ओ? काय झालं?"

"अहो, चालू होतं ते!"

"चालू?" त्यांनी पडद्याकडं पाहिलं, यंत्राकडं पाहिलं. "चालू हुतं तर आवाज कुठं हुता? लेथ चालू असली तर सगळ्या गल्लीला कळतंय. ह्ये गप बसून कामं करणार आणि माणसानं वळखायचं कसं, सांगा की!"

पडद्यावर अक्षरं होती, टक्के होते. पण हंबीररावांना इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि सरांना पडदा दिसत नव्हता.

वीज आली. ताईंनी काळी खिडकी उघडली. घाईत हुकूम दोनदा चुकला. कुठल्याशा अडकलेल्या टोकाला धरून त्यांनी मला पुन्हा पसरायचा प्रयत्न केला. मी पसरले नाही. मग त्यांनी मला माझी तब्येत विचारली.

मैथिली दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मला म्हणायचं होतं, दुरुस्त होण्याजोगी आहे. एवढे तीन शब्द. त्यातला एक शब्द जरी मला खोटा बोलता आला असता, तरी निदान त्या पोरीला जेवण गेलं असतं. पण मला जे आहे तेच सांगता येतं. दुरुस्त होण्याजोगी नाही, असं मी म्हणाले.

ताईंनी ते मोठ्यानं वाचलं नाही. पण त्या वाचत नाहीत, यावरूनच सरांना आणि मैथिलीला कळलं.

"म्हंजे पुस्तक न्हाय," मैथिली म्हणाली.

सरांनी यंत्राशेजारचा जाड कागदांचा गठ्ठा ओढून घेतला. मग सर म्हणाले, "हंबीरराव, खाली पूजेत माझी पाटी आहे. ती आणि टोचणी घेऊन या."

ही ब्रेलची पाटी म्हणजे चौकोनी घरांची पट्टी असते. तिच्यात कागद अडकवून टोचणीनं एकेक टिंब दाबायचं. तेही उजवीकडून डावीकडं, उलट्या अंगानं.

"सर, पूजेतली पाटी... आज हात लावत न्हाईत."

"मला ठाऊक आहे."

हंबीररावांनी पूजेचं ताट बाजूला ठेवलं. मग खाली गेले. वर आले तेव्हा पाटी त्यांनी स्वतःच्या सदऱ्याला पुसलेली होती आणि सदऱ्यावर कुंकू लागलं होतं. लेथची सोळा आणि शाळेतली बारा, अशा अठ्ठावीस वर्षांत त्यांनी आपला नियम पहिल्यांदा मोडला.

शुक्रवार दुपार, दसरा आणि रविवार, हे अडीच दिवस सर टोचत होते आणि हंबीरराव पुस्तक वाचून दाखवत होते. त्यांचं वाचन अक्षर लावून लावून.

"हंबीरराव, महाराजांना गड उतरायला एवढा वेळ लागला नव्हता हो."

"त्येंच्याकडं घोडं हुतं, सर."

मैथिली हसली. त्या तीन दिवसांतलं तेवढं एकच हसू मला आठवतं. चंदनाताई मात्र माझ्यासमोरून हलल्या नाहीत. एकामागून एक हुकूम. मला दुसऱ्या डिस्कवर ओढून बघ, मागच्या टोकाकडून उघडून बघ. दसऱ्याला मुलांनी त्यांच्या हातात आपट्याची पानं ठेवली, ती कीबोर्डवर तशीच पडून राहिली. मी प्रत्येक हुकमाला तेच उत्तर दिलं.

रविवारी संध्याकाळपर्यंत सरांच्या बोटांना फोड आले आणि दोन धडे झाले. पुस्तकात धडे अकरा.

सोमवारचं मला अनुजाताईंकडून कळलं. लेकीला परत सोडायला त्या आल्या, तेव्हा ब्रेलखोलीत बसून सांगत होत्या. मुख्याध्यापकांनी प्रेमानं बसवून घेतलं, लाडू दिला. मैथिलीनं पहिला धडा न अडखळता वाचला. ते खूश झाले. मग आपल्या हातातलं पुस्तक चाळत म्हणाले, "व्वा! आता सातवा धडा काढ बघू." मैथिली म्हणाली, "सर, मी दोनच आणलोय." त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. त्यांनाही वाईट वाटलं असावं. म्हणाले, "दोन धड्यांवर वर्ष कसं निघायचं, बाळा? सगळं पुस्तक झालं की ये. जूनमधे बघू."

"चुकीचं बी काय बोलले न्हाईत वो ते," अनुजाताई म्हणाल्या. पदरानं त्यांनी लेकीच्या तोंडावरची धूळ पुसली. "अर्णवला सांगून आलते, दीदी येणार म्हणून. सकाळपासनं दारात बसलाय."

मैथिलीनं जाताना आपली बादली खोलीतल्या सईला देऊन टाकली होती. ती परत मागायची तिला लाज वाटली. चार दिवस ती दुसऱ्यांच्या उरलेल्या पाण्यात अंघोळ करत होती. मग सईनंच बादली तिच्या कॉटखाली आणून ठेवली.

त्यानंतर चंदनाताईंनी कपाटातली एक ओरखडे पडलेली सीडी शोधून काढली. तिच्यातून यंत्राशी बोलायची विद्या कशीबशी मिळाली. दिवाळी संपता संपता यंत्र पुन्हा खडखडलं. टाळ्या झाल्या. पण प्रोग्रॅम पुन्हा तसाच कोरा, ठेचकाळणारा. मे महिन्यानंतरच्या कागदावरच्या थोड्या सोडल्या, तर सरांच्या तीनशे बारा दुरुस्त्या दोनच ठिकाणी होत्या. एक तो मेलेला संगणक आणि दुसरी मी.

सर आठवून आठवून सांगतात, ताई लिहून घेतात. कागदावरच्या धरून दोनशे अठरा जमल्या. उरलेल्या चौऱ्याण्णव त्यांनी आठ वर्षांत एकेका अडल्या पानावर केल्या होत्या आणि पान सुटलं की विसरून गेले होते. आता त्यांच्यासाठी पुन्हा अडायला हवं. ते काम मैथिलीकडं आलं आहे. शाळा सुटली की ती ब्रेलखोलीत येते. ताई एक पान छापतात. ती वाचत जाते आणि बोट ठेचकाळलं की म्हणते, "सर, हितं अडकतंय." मग काय चुकलंय, कसं हवं, यावर तिघांचा खल चालतो. कधी एका जागेवर सगळी दुपार जाते. ती जूनची वाट बघते. तिला घरी जायचंय, म्हणून ती हे काम सोडत नाही.

हंबीररावही बदललेत. आता कुठलाही स्विच खाली करण्याआधी ते बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडत जातात, "कुणाचं काम मधीच हाय का? बंद करू का?" लहान मुलं त्यांची नक्कल करतात. ते रागावत नाहीत.

ताईंनी मला पुसलेलं नाही. माझं नावही तेच आहे. मी तिथंच, त्याच डिस्कवर आहे आणि सगळं ऐकते आहे. मित्रांनो, माझी खरी शिक्षा हीच आहे. त्या चौऱ्याण्णव दुरुस्त्या माझ्या पोटात आहेत. कवितेच्या ओळीची, कोष्टकाच्या रेघेची, तहाच्या कलमांची, सगळ्यांची. हे तिघं ज्यासाठी दुपारभर झगडतात, ते मला पहिल्या मिनिटाला ठाऊक असतं. पण मला उघडता येत नाही, म्हणून मला विचारता येत नाही. आणि विचारलं नाही, तर मला बोलता येत नाही.

म्हणून तुमच्यापाशी बोलते. तुमच्या घरातही असं एखादं एकुलतं एक असेल. आईच्या फोनमधलं, बाबांच्या संगणकातलं, आजोबांच्या वहीतलं. ते धड आहे, चालतंय, म्हणून त्याची आठवण येत नाही. आजच आठवण काढा. ते धड असतानाच त्याची दुसरी प्रत करा आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. आणि जे आवाज न करता काम करतं, तेही काम करत असतं, एवढं ध्यानात ठेवा. आधी विचारा, मग हात लावा.

आत्ता दुपारचे साडेतीन वाजलेत. चौथ्या धड्यात एक वंशावळ आहे, ती छापून निघाली आहे. मैथिली आजोबापासून बापापर्यंत आली, बापापासून मुलांकडं वळली आणि तिथं तिचं बोट थांबलं. सरांनीही आपलं बोट तिच्या बोटाशेजारी ठेवलंय. ताई कीबोर्डवर हात ठेवून वाट बघताहेत. तिथं काय हवं, ते मला माहीत आहे. तिचं बोट अजून तिथंच आहे.